मागून जायचं, केसाला धरायचं

नाना, तुमच्यामुळे मला भर समुद्रातून उचलून बाहेर काढलं. आठ महिने मी त्या शर्यतीसाठी जीव काढला होता. पहाटे उठून डबे करायचे, सातच्या बॅचला पोहायचं, ओल्या केसांनी कंपनीची बस पकडायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर खांद्याला बाम चोळून घ्यायचा. तीन किलोमीटरपैकी दोन पोहून झाले होते. मग ती नारिंगी होडी आली आणि तिच्यातला माणूस म्हणाला, "मॅडम, तुमची रेस संपली." संपली म्हणे! किनाऱ्यावर आल्यावर पायाला बांधलेली वेळ मोजायची चिप सोडून त्यांच्या टेबलावर आपटली आणि पहिली शिवी तुम्हाला घातली. मनातल्या मनात घातली, पण घातली. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. गेलेल्या बापाला कुणी शिव्या घालतं का, असं आई म्हणाली असती. पण आता आईही नाही, आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

समुद्रात शर्यत लावतात हेच तुम्हाला आधी पटायचं नाही. कोकणात थंडीच्या दिवसांत लावतात. गावोगावची माणसं येतात, बायका येतात, माझ्याहून म्हाताऱ्याही येतात. दंडावर काळ्या शाईनं नंबर लिहितात, डोक्याला रबराची टोपी, मानेला आणि काखेत व्हॅसलीन थापायचं, नाहीतर खाऱ्या पाण्यानं कातडी सोलवटते. पाण्यात मोठे पिवळे फुगे नांगर टाकून सोडलेले असतात, त्यांना बोया म्हणतात. एकेका बोयाला वळसा घालत ठरलेल्या वेळेत परत यायचं, आलात की गळ्यात पदक. एवढंच. "आन् काडायचं कुनाला?" असं तुम्ही विचारलं असतं, मला माहितीय. कुणालाच नाही, नाना. तिथं कुणी बुडालेलं नसतं. माणसं हौसेनं पाण्यात जातात आणि हसत बाहेर येतात. असं पाणी पण असतं जगात, आणि ते तुम्ही मला कधी दाखवलं नाही, हा माझा पहिला राग.

आपलं घर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. इंद्रायणीत कुणी गेलं, खाणीत कुणी पडलं, विहिरीत कुणी उडी टाकली, की पोलीस चौकीतून मोटारसायकल यायची ती सरळ आपल्या दारात. तुम्ही घरी नसलात तर भोसरीला कंपनीच्या गेटवर. तुम्ही मशीन बंद करून निघायचात. निघोजेच काय, पार देहूरोडपर्यंत लोक तुम्हाला घेऊन जायचे. आणि परत आलात की उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आई बाहेर दगडावर पाणी काढून ठेवायची, तुमच्या हातावर लिंबाचा पाला द्यायची, तुम्ही तो चावून थुंकायचात, मग अंघोळ. मी दाराआडून बघतेय. अकरा वर्षांची आहे. तुम्ही चुलीपुढं येऊन बसता, दोन्ही हात जाळापुढं धरता. बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली. आई गुळाचा चहा पुढं ठेवते आणि काही विचारत नाही. मी विचारते, "नाना, बाई होती का माणूस?" तेव्हा आई माझ्या पाठीत धपाटा घालते.

ज्यांच्या घरचं माणूस तुम्ही काढून दिलं त्यांच्याकडं घोटभर पाणी पण प्यायचात नाही. "त्येंच्या घरी सुतक, आन् आपन च्या पित बसायचं व्हय?" हे तुमचं. ठीक आहे, तो तुमचा मोठेपणा. पण कंपनीत खाड्यावर खाडे पडत होते ते कुणाच्या नावावर? पंचनाम्यावर सही घ्यायला सगळ्यांना तुम्ही आठवायचात, आणि सुपरवायझरनं तुम्हाला घरी बसवलं तेव्हा एक माणूस तुमच्या बाजूनं बोलायला गेला नाही. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मला तेव्हाही राग आला होता. तुम्हाला का येत नव्हता?

आणि तुम्हाला मुलगा नाही म्हणून तुम्ही तुमची विद्या माझ्या गळ्यात मारलीत. रविवारी दुपारी म्हणायचात, "चल." आई म्हणायची, पोरीच्या जातीला कशाला? तुम्ही ऐकायचात नाही. बंधाऱ्याच्या डोहात मला मधोमध न्यायचं आणि सांगायचं, "बुड. नाटक नगं, खरं बुड." मी खरंच नाकातोंडात पाणी जाईपर्यंत बुडायची, आणि मग मागून तुमची मूठ यायची, केसांची मुळं उपटतील अशी. "म्होरनं कदी जायाचं न्हाई. बुडनारं मानूस बगत न्हाई, ते अंगावर चडतं. मागनं जायाचं, केसाला धरायचं." मग उलट. आता तुम्ही बुडायचं आणि मी तुम्हाला काठाला आणायचं. अहो, तुमचं वजन काय, माझं वजन काय! एका हातानं पाणी मारायचं, दुसऱ्या हातात केस. तो हात मी चुकून वापरला की ओरडायचात, "त्यो तुजा न्हाई, त्येचा हाय!" नदी गढूळ, म्हणून पाण्याखाली डोळे उघडायचे नाहीत. हातानं बघायचं. आणि काठाला आणलेल्या माणसाशी, तो जिवंत असो की नसो, बोलायचं. तुम्ही प्रत्येकाला एकच सांगायचात, "चला, घरी चला." बाकीच्या पोरी त्या वयात सागरगोटे खेळत होत्या.

तेराव्या वर्षीची ती दुपार तुम्हाला आठवते का? मला रोज आठवते. चुलत बहिणींनी पैज लावली, या काठावरून पलीकडच्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत कोण आधी पोहोचतं. मी दोन्ही हातांनी पोहले, नाना. पहिल्यांदा दोन्ही हातांनी. पाणी असं मोकळं होऊन मागं जात होतं की मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. मी पायऱ्यांना हात लावला तेव्हा बाकीच्या दोघी निम्म्यात होत्या. वर बघितलं तर बंधाऱ्यावर तुम्ही उभे. मला वाटलं, आता म्हणाल, बरी पोहतेस गं. तुम्ही सगळा बंधारा चालत पलीकडं आलात आणि सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत दिलीत. "पान्याशी शर्यत लावतीस? काल हितनंच तुज्याएवडी पोर काडलीया म्या! आजपासनं पान्यात पाय घालायचा न्हाई." झालं. त्यानंतर तुम्ही मला कधी डोहावर नेलं नाहीत. ती पोर तुम्ही काढली होती हे खरं असेल. पण थप्पड मला का? मी तर बुडाले नव्हते. मी पहिली आले होते! आज हे लिहिताना सुद्धा माझा गाल गरम झालाय, बघा.

एकतीस वर्षं मी पाण्यात गेले नाही. लग्न झालं, रहाटणीला आलो, मी चाकणला वायरिंगच्या लाइनवर लागले, चढत चढत क्वालिटीला आले. मुलगी इंजिनीअर झाली. दिवसभर उभं राहून गुडघे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहा. मी म्हटलं, मला येत नाही. सरळ खोटं बोलले. महापालिकेच्या तलावावर महिलांच्या बॅचला नाव घातलं. तिथली कोच तेवीस वर्षांची पोरगी, शिट्टी गळ्यात, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी मी पाण्यात उतरले आणि ती काठावरून बघतच राहिली. "काकू, तुम्ही दुसऱ्या हातात काय धरलंय?" मी बघितलं. डावा हात छातीशी मुठीत घेतलेला. काही धरलेलं नव्हतं. आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसले, आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. म्हणजे माझा एक हात तुम्ही घेऊन गेलात तो गेलातच की!

तो हात सुटायला दोन महिने लागले. डोकं पाण्यात घालायला आणखी तीन. त्या पोरीनं काय काय केलं म्हणून सांगू! तळाला रंगीत बांगड्या टाकायची आणि म्हणायची, "काकू, किती आहेत ते सांगा." मी डोळे मिटून हातानं चाचपायची. "अहो, डोळे उघडा ना, स्वच्छ पाणी आहे!" स्वच्छ असलं म्हणून काय झालं? खाली काय दिसेल याची धास्ती मला तुम्ही लावलीत. पण मी उघडले डोळे. बांगड्या मोजल्या, सात होत्या. त्या दिवशी तिनं मला समुद्राच्या शर्यतीचं सांगितलं आणि मी तिथल्या तिथं हो म्हटलं. नवरा म्हणाला, "अगं, या वयात कशाला ही थेरं?" मुलगी म्हणाली, "आई, भारीच!" लाइनवरच्या पोरींनी माझ्या लॉकरवर माशाचं चित्र चिकटवलं. पण मी त्यांच्यासाठी हो म्हटलं नव्हतं. मला ती शर्यत तुमच्या नाकावर टिच्चून पुरी करायची होती. पदक गळ्यात घालून तुमच्या फोटोपुढं उभं राहायचं होतं आणि म्हणायचं होतं, बघा, पाणी शर्यतीला पण असतं.

आता त्या दिवसाचं. म्हणजे मी सगळ्यांना जे सांगितलं ते आधी सांगते. भोंगा झाला, आम्ही बायका घोळक्यानं पाण्यात शिरलो. पहिल्या शंभर हातांत नुसत्या लाथा आणि कोपरं, कुणाची टाच माझ्या दातांवर बसली. पहिला बोया वळले तेव्हा मोकळी झाले. पाणी छान गार, लाट उचलते आणि हळूच खाली ठेवते, पाळण्यात बसल्यासारखं. दुसरा बोया गेला. तिथं पुरुषांची तुकडी मागून येऊन मिसळते, पण माणसं पांगलेली असतात. तिसऱ्या बोयाच्या अलीकडं एक निळी टोपी दिसली. माणूस उताणा, हात पसरलेले, हलत नाही. आणि तुमचं शिक्षण अंगात आलं. मागून गेले. टोपी निसटली, मग केसाला धरलं, आणि एका हातानं पाणी मारत त्याला होडीकडं ओढायला लागले. तोंडातून निघालं, "चला, घरी चला."

तो माणूस असा ओरडला! "अहो मॅडम, काय करताय? सोडा! आय ॲम फाइन! अरे यार, केस!" पायात गोळा आला होता म्हणून तो दोन मिनिटं पाठीवर पडून पाय सोडवत होता, एवढंच. हिंजवडीला आयटीत आहे, चाळिशीचा, डोक्यावर आधीच विरळ, त्यात माझी मूठ. मी सोडायलाच तयार नव्हते. होडीवाल्यानं माझी बोटं एकेक करून उकलली. दुसऱ्या स्पर्धकाला धरून ओढणं नियमात बसत नाही. म्हणून माझी शर्यत संपली. त्याला पुढं जाऊ दिलं, पण माझ्या झटापटीत त्याची वेळ गेली, चार मिनिटांनी त्याचंही पदक हुकलं. तो वाळूवर माझ्याकडं आला तो तावातावानं. "वर्षभर तयारी केली होती हो मी!" आणि मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. सगळं. डोह, पंचनामे, लिंबाचा पाला. त्याचा राग उतरत गेलेला मी डोळ्यांनी बघितला. शेवटी तो वाकून माझ्या पाया पडला.

मग काय, त्यानं ते फोनवर लिहिलं, फोटो टाकला, ते फिरत फिरत आमच्या कंपनीत पोहोचलं. सेफ्टी वीक चालू होता, त्यांना आयतंच सापडलं. सकाळच्या मीटिंगला सगळ्या लाइनी थांबवून मला पुढं बोलावलं. शाल, श्रीफळ. प्लांट हेड म्हणाले, "दुसऱ्याचा जीव आधी, पदक नंतर, हे यांच्या रक्तात आहे." टाळ्या! गेटजवळ माझा फोटो लावलाय, शिफ्टला जाताना रोज मलाच मी दिसते. अशी तळपायाची आग मस्तकात जाते म्हणून सांगू. तुम्ही किती माणसं काढलीत त्याचा हिशेब तुम्हीही ठेवला नाहीत, आणि तुम्हाला खाडे झाले म्हणून हाकललं. काविळीनं अंथरुणावर पडलात तेव्हा बघायला आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आणि मी एका धडधाकट माणसाचे केस उपटले तर मला शाल! लाइनवरची एक पोरगी डबा खाताना म्हणाली, "मॅडम, तुमचे वडील कसले भारी होते राव!" मी डबा झाकला आणि लाइनवर निघून गेले.

तुम्हाला इतकं बोलले, आता उरलेलं पण सांगते, कारण ते तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. तो माणूस बुडत नव्हता हे मला माहीत होतं. बुडणारं माणूस कसं दिसतं ते मी अकराव्या वर्षी शिकलेय, त्यात माझी चूक कशी होईल? तो तर आभाळाकडं बघत आरामात पडला होता. माझा दम गेला नव्हता. हात चालत होते, दोन्ही. मी श्वास सोडून खाली बघितलं आणि खाली काहीच दिसेना. हिरवं संपून नुसतं काळं. मला वाटलं, आता त्यातून कुणीतरी वर येणार आणि ते मला बघावं लागणार. सगळं अंग आखडलं. हात वर केला असता तर होडी आली असती, त्यांनी तसंच शिकवलं होतं. पण हात वर करायचा म्हणजे तुमची थप्पड बरोबर होती असं भर समुद्रात कबूल करायचं. ते मला मेले तरी जमणार नव्हतं. म्हणून मी त्या निळ्या टोपीकडं गेले. त्यानंच मला आधी बघितलं, नाना. "काकू, ठीक आहात ना?" असं त्यानं विचारलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं मला. त्याला वाटतं, माझी टोपी कानावर होती म्हणून मला ऐकू गेलं नाही. ऐकलं, आणि मग त्याच्या मागं जाऊन त्याला धरलं. त्याला वाचवायला नाही. मला धरायला कुणीतरी हवं होतं, आणि एकदा धरल्यावर सुटत नव्हतं.

त्याचं पदक गेलं ते माझ्या भीतीनं, आणि पाया माझ्याच पडला बिचारा. त्याचा नंबर आहे माझ्याकडं. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय सांगू? वाळूवर सगळे मला विचारत होते, असं का केलंत, काय झालं, आणि मी तुमचं नाव पुढं केलं. तुम्ही मला खोटं पाडायला येणार नव्हतात.